अंगारा उशाशी, कूस दर दोन तासांनी

खानापूर-बेळगाव पट्ट्यात लेकरू अपघातात बेशुद्ध पडलं, की घरातून एक गाडी दवाखान्याकडे निघते आणि दुसरी देवळाकडे. आमच्याकडेही तसंच झालं. आठ वर्षांचा मुलगा, वजन २४ किलो, बापाच्या दुचाकीवर पुढे टाकीवर बसलेला. उसाचा हंगाम, दिवेलागणीची वेळ, रस्त्यात उभी असलेली बिनदिव्याची, बिनरिफ्लेक्टरची ट्रॉली. पुढचे पाच महिने या दोन्ही गाड्या धावत होत्या. त्या एकमेकींच्या आड कुठे आल्या आणि कुठे एकीने दुसरीला हात दिला, ते इथे कामाच्या क्रमाने मांडलं आहे.

रस्त्यावर लोक मदतीला येतात, चांगल्या मनाने येतात, आणि ठरलेल्या चुका करतात. तोंडात पाणी घालणं, नाकाला कांदा लावणं, बखोटीला धरून उचलणं. बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही, पाणी थेट फुफ्फुसात उतरतं. कांद्याने शुद्ध येत नाही, उलटी मात्र होऊ शकते. आणि मान मोडली असेल तर उचलताना मज्जारज्जू दुखावतो. एकाने डोकं दोन्ही हातांनी धडाच्या रेषेत धरायचं, बाकीच्यांनी खांदा, कंबर, पाय एकदम वळवायचे आणि फळीवर किंवा ताठ ताणलेल्या चादरीवर घ्यायचं. उलटी झाली तर सगळं अंग एकत्र कुशीवर. १०८ ला फोन करणाऱ्याला पोलिसांची भीती वाटते, ती नको. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या कलम १३४अ मुळे मदत करणाऱ्याला नाव सांगायचीही सक्ती नाही. तालुक्याच्या दवाखान्यात श्वासाची सोय आणि रक्तस्राव एवढं बघून घ्यावं आणि सीटी स्कॅन व मेंदूचे शल्यविशारद असतील तिथे निघावं. इथल्या माणसाला त्यासाठी बेळगाव गाठावं लागतं.

पहिल्या रात्री जो आकडा कानावर पडतो तो ग्लासगो कोमा स्केलचा, म्हणजे शुद्ध किती आहे ते मोजणाऱ्या मापाचा. कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. डोळे उघडण्याचे ४, बोलण्याचे ५, हालचालीचे ६. आठ किंवा त्याखाली असेल तर बहुतेक वेळा घशात नळी घालून व्हेंटिलेटरवर घेतात, कारण असं मूल स्वतःची श्वासाची वाट मोकळी ठेवू शकत नाही. आमच्या मुलाचा आकडा ५ होता: डोळे १, बोलणं १, हालचाल ३. नातेवाइकांनी एकूण बेरजेपेक्षा हालचालीचा आकडा विचारत जावा. नळी असली की बोलण्याचे गुण मोजताच येत नाहीत, आणि डोळे सुजून बंद असतील तर त्यांचेही नाहीत.

हे न कळल्यामुळे आम्ही चुकीच्या दिवशी पेढे आणले. तिसऱ्या दिवशी झोपेचं औषध कमी केल्यावर चिमटा काढला की मुलाचे दोन्ही हात कोपरात वळून छातीवर येत होते. “हात जोडतोय बघा,” असं आत्या म्हणाली आणि बाहेर गर्दीत ते पसरलं. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. तो हालचालीचा ३ नंबर, म्हणजे मेंदूच्या खालच्या भागातून येणारी आपोआपची वळणी. चिमटा काढल्यावर हात नुसता मागे घेतला तर ४. नवव्या दिवशी भुवईच्या वर दाबल्यावर उजवा हात उठून तिथवर आला आणि त्याने डॉक्टरांचं बोट ढकललं. तो ५ नंबर. खरी कलाटणी ती होती, आणि घरच्यांपैकी एकालाही त्या दिवशी काही झाल्यासारखं वाटलं नाही. डोळे तर अजून मिटलेलेच होते.

“काही सांगता येत नाही” हे डॉक्टरांचं वाक्य घरच्यांना टाळाटाळ वाटतं. ते बहुधा शब्दशः खरं असतं. सीटीमध्ये रक्ताची गाठ, सूज, हाडाचं फ्रॅक्चर दिसतं. जोरदार झटक्याने मेंदूतले धागे ताणले किंवा तुटले असतील तर ते सीटीत बऱ्याचदा दिसतच नाहीत, एमआरआयमध्ये जास्त कळतं. त्यात झोपेची औषधं चालू असतात, सूज पहिले काही दिवस वाढत जाते. अनपेक्षित बरं होणं म्हणतात त्याचा निम्मा भाग इथे आहे: अंदाज करायचा तेव्हा पुरेसं दिसत नसतं. उरलेला निम्मा भाग दर दोन तासांनी करायच्या कामात असतो.

आयसीयूत डोक्याकडचा पलंग ३० अंश वर आणि मान अगदी सरळ, हनुवटी छातीच्या रेषेत. मानेतल्या शिरांतून डोक्यातलं रक्त खाली उतरतं. मान एका बाजूला वळली की शीर दबते आणि कवटीतला दाब चढतो. आजीने उशीखाली ठेवलेली लिंबू-नारळाची पुरचुंडी याच कारणाने काढावी लागली. नारळामुळे डोकं डावीकडे कलत होतं. तिला “हे असलं चालत नाही” म्हणून सांगितलं असतं तर तिने ती दुसऱ्या दिवशी लपवून ठेवली असती. पाळीवरच्या सिस्टरनी मानेची शीर बोटाने दाखवली, मग आजीने स्वतःच पुरचुंडी पलंगाच्या कठड्याला बांधली. नारळ घरी गेला.

देवाच्या वस्तूंबद्दल एकदा बसून ठरवावं, नाहीतर प्रत्येक नातेवाईक वेगळं काहीतरी घेऊन येतो. आमचं ठरलं ते असं. तीर्थ तोंडात नाही, एक चमचासुद्धा नाही; कपाळाला आणि पावलांना बोट लावायचं. सौंदत्तीच्या यल्लम्माचा भंडारा आणि जोतिबाचा गुलाल प्लास्टिकच्या बंद पिशवीत, उशाशी. त्याची धूळ श्वासनळीत गेली तर खोकला आणि संसर्ग. गंडा-दोरा मनगटात नाही, कारण हाताला सूज येते आणि दोरा रुततो, शिवाय सलाइनची सुई तिथेच असते. ताईत एमआरआयच्या आधी आठवणीने काढायचा, धातू आत चालत नाही. उदबत्ती आणि कापूर ऑक्सिजनजवळ अजिबात नाही. कापराची वडी तर मुलाच्या हाताला लागेल अशी घरीही ठेवू नये. पोटात गेलेल्या कापराने लहान मुलांना झटके येतात, आणि डोक्याला मार लागलेल्या मुलात झटक्याची भीती आधीच असते. एवढं ठरल्यावर भक्ती काही कमी झाली नाही. आजोबांचा हरिपाठ चालू राहिला, फक्त कॉरिडॉरमध्ये.

हरिपाठावरून आठवलं. ओळखीचा आवाज ऐकवण्याला आधार आहे, पण छोटा. २०१५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १५ प्रौढ रुग्णांपैकी काहींना घरच्यांनी सांगितलेल्या जुन्या आठवणी हेडफोनवर दिवसातून चार वेळा, सहा आठवडे ऐकवल्या, आणि त्यांच्यात सुधारणा जास्त दिसली. १५ माणसांवरून फार बोलू नये. पण यात खर्च नाही, अपाय नाही, आणि घरच्यांना काम मिळतं. आजोबांनी दहा मिनिटांचं ध्वनिमुद्रण करून दिलं: म्हशीचं नाव, शाळेची वाट, बैलपोळ्याला पडलेला पाऊस. दिवसभर चालू ठेवायचं नाही. सतत आवाज असला की मेंदू दमतो आणि मग कशालाच दाद देत नाही.

सीमाभागातली एक खास अडचण भाषेची. रात्रपाळीच्या सिस्टर धारवाडकडच्या. त्या मुलाला “कण्णु तेगी” (डोळे उघड) म्हणत आणि तो डोळे उघडत नसे. मराठी शाळेतल्या पोराला शुद्धीत असतानाही कन्नड जेमतेम कळतं, तर अर्धवट शुद्धीत काय कळणार? सांगितलेलं ऐकून केलं तरच हालचालीचे ६; आज्ञा पाळली नाही म्हणून तक्त्यावर हालचाल ५ च लागत राहिली. आम्ही एका पुठ्ठ्यावर कन्नड लिपीत चार मराठी वाक्यं लिहून पलंगाला लावली: डोळे उघड, जीभ दाखव, अंगठा वर कर, हात सोड. चौदाव्या दिवशी त्याने जीभ दाखवली. शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. “हात दाब” म्हटल्यावर दाबणं हे कधीकधी तान्ह्या बाळासारखी नुसती प्रतिक्षिप्त पकड असते. “सोड” म्हटल्यावर सोडणं म्हणजे ऐकून केलेलं काम. संमतीपत्रं कन्नड किंवा इंग्रजीत असतात, तीही मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नये. बेळगावात समजावणारा माणूस मिळतोच, मागावा लागतो एवढंच.

दहाव्या-बाराव्या दिवसाच्या आसपास गळ्याला छिद्र पाडून नळी बसवायची, म्हणजे ट्रॅकिओस्टॉमीची, गोष्ट निघते. इथे घरं अडतात. “गळा कापणार, बोलणं जाणार” ही भीती, आणि मग गावच्या देवाला कौल लावायचा आग्रह. खरी माहिती अशी की तोंडातली नळी फार दिवस ठेवली तर स्वरयंत्र आणि श्वासनळी घासते. गळ्यातल्या नळीने कफ काढणं सोपं होतं, झोपेची औषधं कमी करता येतात. छिद्र स्वरयंत्राच्या खाली असतं, नळी निघाल्यावर ते बहुधा आपोआप भरून येतं आणि आवाज परततो. कौलाबद्दल भांडत बसण्यापेक्षा डॉक्टरांना एकच प्रश्न विचारावा: “किती वेळ थांबता येईल?” रक्ताची गाठ काढायची असेल किंवा सुजेसाठी कवटीचं हाड उचलायचं असेल तर उत्तर मिनिटांत असतं, तिथे कौल नंतर. ट्रॅकिओस्टॉमीला बहुधा एक-दोन दिवस मिळतात. आम्हाला एक दिवस मिळाला. थोरले काका सकाळी देवळात गाऱ्हाणं घालून आले, दुपारी सही झाली.

नाकातल्या नळीने जेवण हे पुढे घरीही चालणार असतं, म्हणून पहिल्या दिवसापासून हाताने शिकावं. आहारतज्ज्ञांनी या वजनाला दर तीन तासांनी १५० मिलि असं आठ वेळा दिलं, म्हणजे १२०० मिलि, आणि प्रत्येक वेळी आधी २० व नंतर २० मिलि पाणी. प्रत्येक मुलाचं माप वेगळं, हे उचलून वापरू नये. पद्धत मात्र सगळीकडे एकच. डोकं ३० ते ४५ अंश वर. नळीवरची नाकाजवळची खूण जागेवर आहे का ते पाहायचं, सिरिंजने थोडं ओढून पोटातला द्रव येतो का बघायचं. मग सिरिंजचा दट्ट्या काढून टाकायचा आणि अन्न आपल्या भाराने उतरू द्यायचं, १५ ते २० मिनिटं. दट्ट्याने ढकललं की उलटी होऊ शकते. नंतर अर्धा-पाऊण तास आडवं करायचं नाही, कफ ओढायचं कामही आधी उरकून घ्यायचं. नळी तुंबते ती बहुतेक नाचणीच्या आंबिलाने. पीठ भाजून, शिजवून, मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळलं तरच घालावं. तुंबलीच तर कोमट पाणी हळूहळू आत-बाहेर. तार घालायची नाही.

आता सगळ्यात अवघड टप्पा, आणि याबद्दल आधी कुणीच सांगत नाही. सव्विसाव्या दिवसापासून मुलगा “उठला”, म्हणजे कसा? लाथा, चावे, नळ्या उपटणं, आईला न ओळखणं, रात्रभर किंकाळ्या. गळ्यातल्या नळीमुळे किंकाळीला आवाज नव्हता, ते बघणं जास्त भयानक. गावाकडून निरोप आला की पोराला बाहेरचं लागलंय, अपघाताच्या जागेवर उतारा टाका, देवऋषीला आणा. कोमातून वर येताना मेंदूचा जागं राहण्याचा भाग आधी चालू होतो, आठवण आणि आवर नंतर. मधल्या काळात मूल जागं असतं पण कुठे आहे ते त्याला कळत नाही, म्हणून ते लढतं. हा टप्पा बऱ्याचदा येतो. बऱ्याच जणांत तो सुधारण्याची खूण असतो. डॉक्टरांना तरी सांगायचंच, कारण ताप, लघवी अडकणं, न दिसलेलं फ्रॅक्चर, सौम्य झटके यांनीही असंच होतं. तेवढं तपासून झालं की औषधापेक्षा खोली कामाला येते. दिवा मंद, टीव्ही बंद, एका वेळी एकच माणूस, एकच वाक्य: “तू दवाखान्यात आहेस, आई इथं आहे.” हात बांधण्याऐवजी जाड मोजे. उताऱ्याला आम्ही हरकत घेतली नाही, तो रस्त्यावर पडून राहतो. देवऋषीला मात्र खोलीत येऊ दिलं नाही. धुरी, मारणं, औषध बंद करायला लावणं, यातलं काहीही या अवस्थेत मुलाला पुन्हा आयसीयूत नेऊ शकतं. कर्नाटकात अघोरी प्रथांविरुद्धचा २०१७ चा कायदा आहे, पण कायद्यापेक्षा आजीचं बोलणं उपयोगी पडलं. “माझी यल्लम्मा बघतीया, दुसऱ्याला कशाला बोलावता?” हा टप्पा अकरा दिवस चालला.

पैसे आणि कागद थोडक्यात. दवाखान्यात एमएलसीची, म्हणजे पोलीस-केसची, नोंद आणि पोलिसांत एफआयआर पहिल्याच दिवशी. तपशील चुकले तर पुढे भरपाईचा दावा अडतो. केंद्राच्या २०२५ च्या विनारोकड योजनेत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाखाचा उपचार मिळू शकतो, दवाखाना नोंदलेला हवा. बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक. महाराष्ट्राने २०२३ मध्ये आपली महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमावादात स्वतःचा दावा असलेल्या कर्नाटकातल्या ८६५ गावांसाठी खुली करायचं ठरवलं. आपलं गाव यादीत आहे का आणि दवाखाना नोंदलेला आहे का, दोन्ही आधीच विचारून घ्यावं. अल्पवयीन मुलाच्या वतीने भरपाईचा दावा आई किंवा वडील करतात. मूळ बिलं आणि सीटीच्या फिल्मा एका कापडी पिशवीत. झेरॉक्सवर विसंबू नये.

अठ्ठेचाळिसाव्या दिवशी गळ्यात आणि नाकात नळी असताना घरी आणलं. खेड्यात पहिला प्रश्न विजेचा. कफ ओढायचं यंत्र विजेवर चालतं, म्हणून इन्व्हर्टर आणि शिवाय पायाने चालणारं एक यंत्र. कफ ओढायची बारीक नळी आत सरकवताना ओढ बंद, बाहेर काढताना चालू, सगळं मिळून १० सेकंदांच्या आत. त्यापुढे मुलाचा प्राणवायू कमी पडतो. उशाशी गळ्यातल्या नळीच्याच मापाची एक आणि एक नंबर लहान अशा दोन जादा नळ्या. नळी निघून पडली तर काय करायचं हे सिस्टरसमोर स्वतःच्या हाताने दोनदा केल्याशिवाय घरी आणूच नये. घरात मोहरी-मिरचीने दृष्ट काढायची असेल तर अंगणात, आणि मिरची जाळायची ती मूल आत असताना नाही. आम्ही हे एकदा विसरलो आणि पंधरा मिनिटं खोकला थांबला नाही.

कूस दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. माकडहाड, टाचा, कान आणि डोक्याची मागची बाजू रोज उजेडात बघायची. दाबल्यावर पांढरा न होणारा लाल डाग म्हणजे जखमेची सुरुवात. पावलं घोट्यात ९० अंशांवर ठेवायला स्प्लिंट, म्हणजे आधाराची पट्टी. नाहीतर टाच चवड्यावर नाचणाऱ्यासारखी वर राहते आणि पुढे मूल उठायला तयार असतं पण टाच टेकत नाही. आमच्याकडे डाव्या पायाला स्प्लिंट तीन आठवडे उशिरा आला, त्याची भरपाई अजून चालू आहे. मंगळवार-शुक्रवारचे निर्जळी उपास आईने धरले होते. रात्रपाळी करून ती एकदा सिंकजवळ चक्कर येऊन पडली. उपास आत्याने स्वतःकडे घेतले. नवस एकाने बोलावा आणि दुसऱ्याने फेडावा, याला आमच्याकडे मुभा आहे.

गळ्यातली नळी तिसऱ्या महिन्यात निघाली. गिळण्याची चाचणी झाल्यावर पहिला घास पाण्याचा नव्हता. पातळ पाणी सगळ्यात लवकर श्वासनळीत शिरतं. गुळगुळीत, घट्टसर, गुठळी नसलेलं काहीतरी, अर्धा चमचा, बसवून, हनुवटी खाली. मामा बेळगावचा कुंदा घेऊन आले होते. वाणीतज्ज्ञांनी बोटावर घेऊन पाहिला आणि परत दिला: रवाळ आहे, घशात चिकटेल. फुटाणे, खोबरं, चिरमुरे हा सगळा प्रसाद त्यानंतर दोन महिने भावंडांनी खाल्ला.

“लहान मेंदू आहे, भरून येतो” हे अर्धंच खरं आहे. चालणं-बोलणं लवकर येतं, पण मेंदूची जी कामं अजून शिकायचीच होती, त्यातली उणीव नंतर, वरच्या वर्गांत अभ्यास वाढला की दिसते. शाळा आधी दोन तास, मग अर्धा दिवस. पाढे येतात पण फळ्यावरून उतरवून घेताना तो दमतो; बाईंनी पुढच्या बाकावर बसवलं आणि उतारा छापून दिला. सायकल, झाडं, कबड्डी डॉक्टर सांगेपर्यंत बंद. झटक्याचं औषध मनाने थांबवायचं नाही, झटका आला नाही तरी.

नवस सौंदत्तीचा होता. सगळे म्हणत होते मार्गशीर्ष पौर्णिमेला जाऊ. लाखोंची गर्दी, भंडाऱ्याचे लोट, उन्हात रांग; नुकतंच छिद्र बुजलेल्या गळ्याला यातलं काहीच परवडणारं नव्हतं. आजीच म्हणाली, “देवी काय कॅलिंडर घेऊन बसलीया व्हय?” मग साध्या बुधवारी गेलो, पहाटे निघून. पिशवीत दोन वेळचं औषध, टोपी, तोंडावर बांधायला ओलं फडकं, डाव्या पायाचा स्प्लिंट आणि डिस्चार्ज कार्डाची प्रत. केस द्यायचं बोललेलं होतं. टाक्यांची रेघ सोडून मशिनने बारीक केले, वस्तरा लावला नाही. ओटी भरली. डोंगरावरच्या पायऱ्या त्याने निम्म्या चढल्या, निम्म्या काकांच्या खांद्यावरून. परत येताना धारवाड रस्त्याला तो झोपला, आणि आठ वाजताच्या गोळीसाठी त्याला उठवावं लागलं.